एरंडोलचा ई

नवा डबा आणला, त्याला चार शिंगं.
जुन्याला दोनच होती.
मे महिना, भुसावळ, दुपारचे अडीच.
भिंतीत धड चालणारं सॉकेट एकच,
म्हणून कूलरची पिन काढून याची घातली
आणि घरात जो काही वारा होता
तो याच्या नावावर वर्ग केला.

दिवे लागले. एक हिरवा. दुसरा हिरवा.
तिसरा नारिंगी.
माझा डोळा तिथेच बसला.
चौतीस वर्षं सिग्नल खात्यात काढली मी.
आउटरला उभी गाडी मला ओळखता येते:
रूळ आहे, इंजिन आहे,
फक्त पुढचं स्टेशन हो म्हणत नाही.

सिराज तडवी फोनवर, साकेगावच्या खांबावरून:
काका, वायर कोणत्या भोकात?
पिवळ्या.
निळ्यात घाला.
निळ्यात घातली. दिवा तसाच.
पासवर्डात शून्य टाकला का ओ?
मी कागद पाहिला. त्यानंच लिहून दिलेला,
त्याच्या चुलतभावाच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
त्याच्या हाताखालून शून्यही गोल, ओही गोल.
दोन्ही टाकून पाहिले.
सुईनं मागचं बारीक भोक दाबलं, दहा अंक मोजले,
सगळे दिवे मेले, सगळे परत आले,
तिसरा नारिंगी.

"काय करी राह्यले तुम्ही सकायपासून?"
कुमुद दारात, ओल्या पंच्यानं मान पुसत.
"डोये फुटतीन त्या दिव्याकडे पाही पाही."

कंपनीच्या फोनवर तेवीस मिनिटं सतार.
मग एक पोरगी आली. म्हणाली,
बंद करून चालू करा.
बाई, आमच्या खात्यात कुणी हे म्हटलं असतं
तर चौकशी बसली असती.
हे बोललो नाही. बंद केला. चालू केला.

तिकडे कळा वाजत राहिल्या. मग म्हणाली,
सर, आमच्याकडे जुना डबा ओळखीचा आहे,
हा नवा कोण, ते लाइनीला माहीत नाही.

म्हणजे तार बरोबर, वीज बरोबर, पासवर्डही बरोबर.
नुसती ओळख नव्हती.
का कुणास ठाऊक, मला बरं वाटलं.

डबा पालथा केला. पोटावर चिठ्ठी,
मुंगीनं लिहिल्यासारखी.
कुमुदनं सुईत दोरा ओवायचं भिंग आणून दिलं.
बारा खुणा होत्या. वाचा, सर.

सी. चोपड्याचा.
चार. आठ. ए, अमळनेरचा.
बी भुसावळचा, हे खरं तर सांगायला नको.
एक. डी धरणगावचा. एफ फैजपूरचा.
ई.
"ई फॉर एलिफंट?"
नाही हो, एरंडोलचा.
"ते काय आहे, सर?"
आता काय सांगावं.
गाव आहे. धुळ्याच्या रस्त्याला लागतं.
माझी थोरली बहीण दिलीय तिथे.
ती बरं म्हणाली. लिहिलं असावं.
सात. सात. शून्य.
हा शून्यच.

"जुना काढून टाकू ना, सर?"
हो म्हटलं.
एकच कळ वाजली.
माझ्या नावावर हजेरीपटात तांबडी रेघ मारली
तेव्हा मी खोलीत नव्हतो,
एवढाच आवाज झाला असेल.
जुना डबा खिडकीत पडला होता,
वायर पोटाशी गुंडाळून,
उन्हानं कोमट.

नारिंगी विझला.
मधे थोडा वेळ काहीच नव्हतं.
मग हिरवा.

मी घड्याळ पाहिलं. सवय.
चार वाजून सात मिनिटं. नोंद करायला रजिस्टर नव्हतं,
पत्रिकेवरच लिहिलं, नवरदेवाच्या नावाखाली.

"आलं का?"
आलं.
"मंग काढा आता त्याची पिन, अन् कूलर लावा."

दोनच मिनिटं थांब, म्हटलं,
आणि हिरव्यासमोर खुर्ची ओढली.